बोक्याचा सीमाप्रश्न

आमच्या निपाणी भागात माणसानं खुशाल आजारी पडावं. सोय भरपूर आहे. उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर कोल्हापूर, दक्षिणेला ७५ वर बेळगाव, आणि या दोघांनी हात टेकले तर मिरज आहेच. वॉन्लेस नावाच्या मिशनरी डॉक्टरनं १८९४ साली मिरजेत इस्पितळ उभं केलं, तेव्हापासून त्या गावात पेशंट येतच आहेत. बेळगावात केएलईचं टोलेजंग इस्पितळ आहे. त्यामुळं आमच्याकडं प्रत्येक अवयवाचं गाव ठरलेलं असतं. गुडघे बेळगावला जातात, हृदय कोल्हापूरला, आणि कुणालाच न सापडलेलं दुखणं मिरजेला. लग्नाच्या पंगतीत एकानं ‘आमचे किडनीचे डॉक्टर’ म्हटलं की दुसरा लगेच ‘आमचे मणक्याचे’ काढतो. ज्याच्याकडं एकही स्पेशालिस्ट नाही, त्याला मठ्ठासुद्धा शेवटी वाढतात.

सरकारंही मागं नाहीत. २०२३ साली महाराष्ट्रानं कर्नाटकात असलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू केली, तेव्हा कर्नाटकानं कडाडून आक्षेप घेतला. आमच्या हद्दीतली माणसं बरी करणारे तुम्ही कोण, असा एकूण सूर होता. दोन सरकारांनी आपल्या अपेंडिक्ससाठी भांडावं, यापरता मोठा मान साध्या माणसाला कुठं मिळणार?

माणसाखालोखाल मान म्हशीचा. काही घरांत तो माणसाच्या वर आहे, पण तो त्या घरांचा प्रश्न. इकडं कोल्हापूरचा गोकुळ दूध संघ १९६३ पासून. तिकडं कर्नाटकाच्या संघांच्या गाड्या. म्हशीनं रवंथ थांबवलं की दहा मिनिटांत कुणीतरी मोटारसायकलला किक मारतो आणि डॉक्टर गोठ्यात हजर होतो. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा फोन नंबर दोन्ही राज्यांत एकच आहे, १९६२. एवढ्या एका आकड्यावर का होईना, दोन राज्यांचं एकमत झालेलं बघून आम्हा सीमावासीयांना भरून येतं.

कुत्र्याचंही बरं चाललंय. मुधोळ काही फार लांब नाही. तिथल्या घोरपडे राजांनी आपले शिकारी कुत्रे थेट पंचम जॉर्जला भेट दिले होते. आज त्या जातीसाठी तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं स्वतंत्र केंद्र आहे, आणि मुधोळ कुत्रा लष्करात भरती झाल्याची बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीतल्या गावठी कुत्र्यांच्या चालीतसुद्धा फरक पडला होता.

उरलं मांजर.

मांजर कुणाच्याच खात्यात नाही. २०१९ ची विसावी पशुगणना काढून बघा. गायीबैल १९ कोटींवर, म्हशी जवळजवळ ११ कोटी, गाढवं सुमारे १ लाख २० हजार, हिमालयातले याक ५८ हजारांच्या घरात. उंट आहेत, खेचरं आहेत, डुकरं आहेत, कुत्रे आहेत, ससेसुद्धा आहेत. मांजर नाही. आता यात गणना करणाऱ्याचा दोष किती आणि मांजराचा किती, हे सांगणं कठीण आहे. दारात सरकारी माणूस वही घेऊन उभा असताना मांजर जागेवर सापडणं अवघड, आणि सापडलं तरी ते आपलंच आहे अशी सही करायला घरमालक तयार होत नाही. बारा घरची मांजर म्हणतात ती काही उगीच नाही. आम्हाला हे दुखणं ओळखीचं वाटतं. कुठल्या गावात मराठी किती टक्के, कानडी किती टक्के, याचं मोजमाप आमच्या भागात राज्य पुनर्रचनेपासून, म्हणजे १९५६ पासून चाललंय. मोजणीत बसलं नाही की त्याचं पुढं काय होतं, ते आम्हाला कुणी शिकवायला नको.

आता सावकारांविषयी.

सावकार हे आमच्या बोक्याचं नाव. शेजारी तंबाखूची वखार आहे. सौदा चालू असताना हा पोत्यांच्या थप्पीवर चढून पुढचे पाय पोटाखाली घ्यायचा आणि अर्धे डोळे मिटून दोन्ही बाजूंचं ऐकायचा. भाव पाडून मागितला की शेपटीचं टोक तेवढं हलायचं. ते बघून हमालांनीच नाव ठेवलं. रंग पिवळा, डावा कान फाटका, मान बैलासारखी. वय तीन वर्षं. हंगामात वखारीतली तपकिरीची धूळ उडते आणि सगळी गल्ली शिंकते, तेव्हा सावकारही शिंकायचे, पण तोंड वळवून, घरंदाजपणे.

एका सकाळी सावकार वाळूच्या घमेल्यात बसले आणि उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. वाळू कोरडी. मग मोरीत बसले, मग बाथरूमच्या पायपुसणीवर. मधूनच पोटाच्या खालच्या बाजूला चाटायचे आणि असा आवाज काढायचे की घरात कुणीतरी लहान मूल रडतंय असं वाटावं.

पाचव्या मिनिटाला गल्ली जमली. मांजराचा स्पेशालिस्ट आमच्या भागात नाही असं जे म्हणतात त्यांनी त्या सकाळी यायला हवं होतं.

“पोट साफ न्हाई त्याचं. एरंडेल पाजा चमचाभर,” पलीकडच्या आक्का म्हणाल्या.

“एरंडेल नगं, उन्हाळी लागलीया,” वखारीतले मामा म्हणाले. उन्हाळीवर निपाणीत जो उपाय माणसाला, तोच बोक्याला. तंबाखूच्या गावात प्रत्येकाच्या खिशात चुन्याची डबी असतेच, मामांनी ती काढली आणि म्हणाले, “पायाच्या आंगठ्याला लावूया.” दोघांनी सावकारांना उचलून धरलं आणि मागच्या पायांचे अंगठे शोधायला सुरुवात केली. ते सापडेनात. मांजराला मागच्या पायाला चारच बोटं असतात, अंगठा नसतोच, हे शरीरशास्त्र त्या दिवशी गल्लीला कळलं. मामांनी चुना तळहातावर घेतलाच होता, तो वाया जाऊ नये म्हणून तंबाखू मळून खाल्ली.

तेवढ्यात एक मुलगा धावत घरी जाऊन पॅरासिटामॉलची पाव गोळी घेऊन आला. त्याच्या आजीला ती कशालाही चालते. माझ्या बायकोनं ती त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतली. तिला एवढं एक पक्कं ठाऊक होतं: माणसाच्या तापाची ही बिनधोक गोळी मांजराला विष आहे. मांजराच्या यकृताला ती पचवून बाहेर टाकता येत नाही, रक्त प्राणवायू वाहीनासं होतं, हिरड्या काळपट पडतात आणि मांजर जातं. मुलगा हिरमुसला. “पाव तर हुती की ओ काकी,” म्हणाला.

गावातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. बाहेर दोन म्हशी, एक गाभण शेळी आणि तिचा धनी. “काय आणलंय टोपलीत? कोंबडं?” धन्यानं विचारलं. बोका म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि शेळी आमच्यापासून थोडी लांब ओढून बांधली.

डॉक्टर मात्र माणूस सरळ. त्यांनी सावकारांच्या पोटावर हलक्या हातानं बोटं फिरवली आणि क्षणात निदान केलं. “मूत्राशय मोसंबीएवढं कडक झालंय बघा. लघवी तुंबलीया. बोक्याची नळी शेवटाला अगदी निमुळती असती, त्यात खडा नाहीतर चिकटा अडकतो. मांजरीची नळी रुंद, तिला सहसा असलं होत न्हाई.” मग त्यांनी कपाट उघडून दाखवलं. म्हशीच्या नाकात घालायच्या नळ्या, हातभर लांबीचे रबरी मोजे, अंगठ्याएवढ्या गोळ्या, मोठाल्या सुया. “साहेब, माझ्याकडं सगळं हाय खरं म्हशीच्या मापाचं हाय. ह्याला मिलिमीटरभर जाडीची नळी लागती, ती माझ्याकडं न्हाई. आणि उद्यापर्यंत थांबू नका. दीड-दोन दिवसांत विष भिनतं आणि बोका जातो. आजच कोल्हापूर न्हाईतर बेळगाव गाठा.” फी विचारली तर हात हलवून पुढच्या म्हशीकडं वळले.

सुईतल्या औषधाचं माप ठरवायला आधी वजन पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले होते. वखारीच्या काट्यावर सावकारांना ठेवलं, तर काटा जागचा हलला नाही. तंबाखूच्या पोत्यांची सवय त्याला. पाच किलोचा जीव त्याच्या हिशेबातच धरत नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेलं. दुकानदारानं टोपलीचं वजन वजा केलं, आकडा बघितला आणि सवयीनं म्हणाला, “पाचाला जरा वर हाय, चालंल का?”

कोल्हापूर की बेळगाव, यावर आमच्या घरात सभा भरली. आई कोल्हापूरवादी. तिचं म्हणणं, जवळ ते सोडून लांब कशाला? आणि निपाणीत हद्द ती काय? अर्जुननगरचं देवचंद कॉलेज गावाला चिकटून, पण कागल तालुक्यात. निपाणीची पोरं रोज राज्य ओलांडून शिकायला जातात आणि दुपारच्या जेवणाला परत कर्नाटकात येतात. बायको बेळगाववादी. तिचं माहेर अनगोळचं, आणि अनगोळच्या माणसाला बेळगावात काही मिळत नाही हे पटवणं कठीण. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्या आणि बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकातच ठेवा असं सांगितलं होतं. तो अहवाल अमलात आला असता तर सावकार महाराष्ट्राचे रहिवासी ठरले असते आणि उपचाराला परराज्यात गेले असते. महाराष्ट्रानं २००४ साली दाखल केलेला दावा तर अजून सर्वोच्च न्यायालयात आहे. आमची सभा त्या मानानं लवकर आटोपली, कारण कोल्हापुरातल्या ज्या डॉक्टरांकडं ती बारीक नळी होती ते त्या दिवशी परगावी होते. बेळगावात मात्र मेव्हण्याच्या मित्राच्या कुत्र्याच्या डॉक्टर होत्या. आमच्याकडं वैद्यकीय माहिती मिळते ती अशीच, नात्यानात्यानं.

शेजाऱ्यांची ओम्नी काढली. प्लास्टिकचे दोन भाजीचे क्रेट एकमेकांवर पालथे घालून सुतळीनं बांधले, आत जुनी सतरंजी. तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोलनाका. सावकारांनी घाटापर्यंत आम्हा सर्वांच्या घराण्याचा उद्धार केला आणि मग गप्प झाले. तो गप्पपणा कुणालाच आवडला नाही. ड्रायव्हरनं गाणी बंद केली.

बेळगावचा दवाखाना खरं तर कुत्र्यांचा. बाकांवर एक लॅब्रेडॉर, दोन पॉमेरेनियन, आणि कोपऱ्यात हाडकुळा, उंच, गंभीर मुधोळ. क्रेटमधून मांजराचा वास आला आणि लॅब्रेडॉरला जगण्याला नवा अर्थ सापडला. मुधोळानं मात्र एकदाच बघितलं आणि मान फिरवली; राजघराण्यातला, त्याला असल्या क्षुल्लक गोष्टीत रस नसावा. शेजारी बसलेल्या एका अज्जांनी क्रेटकडं बोट केलं. “एन्री, बेक्का?” मी मान हलवली. “एष्टु दुड्डु कोट्री?” मांजर किती पैशांना घेतलं, असा प्रश्न. फुकटात आलंय म्हटल्यावर ते बराच वेळ हसत राहिले. फुकटात आलेल्या जिवासाठी ओम्नीचं पेट्रोल जाळणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा. पण आमचा नंबर आला तेव्हा उठून दार त्यांनीच धरलं.

डॉक्टरीणबाई तरुण. टेबलावर टॉवेल, टॉवेलवर सावकार, पुढच्या पायावरचे केस एवढेसे कापून सुई, गुंगीचं औषध. मग ती नळी काढली. इतकी बारीक की मला आधी दिसलीच नाही. सलाइनच्या पाण्यानं हळूहळू मागं ढकलत, पुन्हा पुढं सरकवत, पुन्हा थांबत. खोलीत कुणी बोलत नव्हतं. एकदम नळीतून लालसर पाणी सुरू झालं आणि ट्रेमध्ये चिमूटभर रेती उतरली. सिरिंजमागून सिरिंज भरत गेली. पाच किलोच्या देहात एवढं पाणी मावतं यावर माझा विश्वास बसेना. बाई म्हणाल्या, “संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर पोटॅशियम चढून हृदय बंद पडलं असतं. आता नळी दोन-तीन दिवस राहू दे, सलाइन चालू दे.” सावकारांची जीभ बाहेर आलेली, डोळे अर्धवट उघडे. वखारीत भाव ऐकतानाही ते असेच असायचे, फक्त तेव्हा ते शुद्धीत असायचे.

रक्त तपासायला माणसांच्या लॅबकडं गेलं. लहान शहरांतून जनावरांची वेगळी लॅब कुठली असणार? अर्जावर मी ‘सावकार, वय ३, पुरुष’ असं लिहिलं आणि आडनावाचा रकाना मोकळा ठेवला. लॅबच्या मशीनला रकाना मोकळा चालत नाही, त्यानं आमचं आडनाव टाकलं. रिपोर्टवर नावामागं ‘श्री.’ आणि क्रिएटिनिनपुढं लाल तारा. मांजराचं क्रिएटिनिन निरोगीपणीही माणसापेक्षा जरा चढच असतं, पण मर्यादा छापलेल्या माणसाच्या, त्यामुळं लालीत आणखी लाली. तो रिपोर्ट बायकोनं माहितीसाठी घरच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजचे मामा दोन शहाळी घेऊन आमच्या दारात. “कुठं ठेवलंय? बोलाय-चालाय लागला का? आणि हा सावकार म्हंजे नेमका कुणाचा?” त्यांना खरं सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. एक शहाळं त्यांनी स्वतः प्यायलं, दुसरं आईला दिलं आणि एसटीनं परत गेले. मात्र आजही फोनवर पहिली चौकशी सावकारांच्या क्रिएटिनिनची असते.

औषधाच्या दुकानात वेगळीच तऱ्हा. नळी निघाल्यावर मार्ग सैल राहावा म्हणून एक गोळी लिहून दिलेली, ती माणसांत रक्तदाबाला आणि प्रोस्टेटला वापरतात. दुकानदारानं चिठ्ठी वाचली, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “आजोबांना काय ओ? किती वय?”

“तीन.”

त्यानं चिठ्ठी पुन्हा वाचली. मग एकेका गोळीचे बारीक भाग कसे करायचे ते सांगितलं, आणि वर म्हणाला की आपल्या वडिलांना हीच गोळी चालू आहे, त्यांना चक्कर येते, बोक्याला येते का ते कळवा.

नळी काढायच्या दिवशी आम्ही बसनं गेलो आणि सावकारांना घेऊन बसनंच परतलो. कर्नाटकाच्या बसमध्ये ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत महिलांना प्रवास मोफत, त्यामुळं बायको फुकट. मी पूर्ण तिकीट. कंडक्टरनं मांडीवरची टोपली बघितली आणि मशीनवर बोट ठेवून विचार केला. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरू-म्हैसूर बसमध्ये आजी आणि नात शक्ती योजनेत फुकट गेल्या आणि त्यांच्या पिंजऱ्यातल्या चार पक्ष्यांची मात्र प्रत्येकी १११ प्रमाणे ४४४ रुपयांची तिकिटं फाडली होती, हे सगळ्यांनी वाचलेलं. आमच्या कंडक्टरनंही वाचलं असावं. नियमाप्रमाणं मांजराला लहान मुलाचं, म्हणजे निम्मं तिकीट. त्यानं ते फाडून टोपलीत खोचलं. मी म्हटलं, मांजरी असती तर? तो बराच वेळ गंभीर राहिला आणि म्हणाला, “आधार कार्ड पायजे हो, लोकल.”

निघण्याआधी दवाखान्यात बाईंनी एक प्रश्न विचारला होता, आणि सगळा आजार त्यात होता. “घरात अलीकडं काही बदल झाला काय? नवं माणूस, नवी खुर्ची, आवाज?” अशा बोक्यांत पुष्कळदा खडा हे नुसतं निमित्त असतं म्हणे. मूळ कारण ताण. मांजराचं मूत्राशय त्याच्या मनाशी असं काही जोडलेलं असतं की घरातली खाट हलवली तरी आत सूज येते.

आम्ही आठवू लागलो. खाट हलली नव्हती. रंग दिला नव्हता. गणपतीत डॉल्बी वाजला होता, पण तो दरवर्षीचाच. मग बायकोला आठवलं, पावसाळ्यापासून वखारीच्या कुंपणाच्या भिंतीवर एक काळा बोका येऊन बसतो. भिंत आमची की वखारीची हा जुना प्रश्न. काळ्यानं तो आपल्या बाजूनं सोडवला होता. रोज संध्याकाळी सावकार खिडकीत, काळा भिंतीवर, तासन्‌तास नजरानजर.

“म्हणजे हद्दीचा वाद,” बाई म्हणाल्या.

सावकारांना सीमाप्रश्नानं लघवी अडकली होती. आम्ही माणसं १९५६ पासून हे सोसतोय. १ नोव्हेंबरला बेळगाव शहरात एकीकडं राज्योत्सवाचे झेंडे आणि दुसरीकडं काळा दिवस, वातावरण तापलं की बसगाड्यांना काळं फासतात, एसटी कागलातच थांबते, सीमेवरच्या कोगनोळीला पोलीस उभे राहतात. तरी आम्ही निपाणीकर दुपारी जेवून झोपतो. आणि सावकारांना एक पावसाळा झेपला नाही. बाईंचा तोडगा असा: खिडकीच्या खालच्या काचेला कागद लावा, म्हणजे समोरचा दिसणार नाही. पाण्याची भांडी जास्त ठेवा. वाळूची घमेली मांजरांपेक्षा एक जास्त. खाणं ओलसर द्या, कोरडं कमी. आणि भिंतीचा प्रश्न तूर्त जैसे थे. एवढी मुद्देसूद शिफारस आजवर कुठल्या आयोगानं केलेली माझ्या वाचनात नाही, आणि आम्ही ती दुसऱ्या दिवशी अमलातसुद्धा आणली.

मी बाईंना म्हटलं, तुम्ही मांजराच्या स्पेशालिस्ट आहात हे बोर्डावर लिहा की. त्या हसल्या. आपल्याकडं मांजराची अशी वेगळी पदवी नाही. कुणी मेडिसिनमध्ये एम.व्ही.एस्सी. करतं, कुणी शल्यचिकित्सेत, कुणी प्रसूतिशास्त्रात; म्हैस, घोडा, मांजर सगळे त्यातच. इंग्लंडात मांजरांच्या आजारांचा अभ्यास व्हावा म्हणून १९५८ साली एक संस्था निघाली. आमच्याकडं राज्य पुनर्रचनेला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि सगळ्यांचं डोकं दुसरीकडं होतं. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, शेजारीच साकरबाई पेटिट जनावरांचं इस्पितळ. केईएम आणि टाटाही परळलाच. म्हणजे आजाराची पराकाष्ठा झाली की माणूस आणि मांजर एकाच स्टेशनवर उतरतात. आमच्याच हायवेवर पुण्याच्या अलीकडं शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पण लघवी तुंबलेला बोका शिरवळपर्यंत टिकायचा कसा?

नाही म्हणायला कोल्हापूर संस्थानात मांजरकुळाची उत्तम बडदास्त होती. शिकारीसाठी चित्ते पाळलेले, त्यांना सांभाळायला पगारी चित्तेवान. मला वाटतं, सावकार चार फूट लांब असते आणि काळवीट धरून आणत असते, तर संस्थानी काळात त्यांच्या उशाशी माणूस बसून राहिला असता. पण ते उंदीर धरतात, आणि तेसुद्धा मनात आलं तर. म्हैस दूध देते, कुत्रा राखण करतो, मांजर फक्त राहतं. ज्याचं उत्पन्न कुठल्याच खात्यात जमा होत नाही, त्याच्यावर खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, हे कारकुनाला सुचत नाही. एवढीच खरी अडचण आहे, बाकी राज्य कुठलंही असो.

सावकार बरे आहेत. पुढच्या पायावरचे केस परत आले. खिडकीला कागद आहे. काळा बोका भिंतीवर येतो, कागदाकडं बघतो आणि थोड्या वेळानं निघून जातो.

तुमच्याकडं मांजर असेल तर तीन गोष्टी कुठंतरी लिहून ठेवा. माणसाची पॅरासिटामॉल गोळी त्याला पाव नको, आठवा भागही नको. निरोगी मांजराचं तापमान १०० ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास असतं, त्यामुळं अंग गरम लागलं म्हणून घाबरू नका. पण दोन दिवस काही खाल्लं नाही तर मात्र घाबरा, उपाशी मांजराचं यकृत झपाट्यानं बिघडतं. आणि बोका जर घमेल्यात बसून-बसून उठत असेल व वाळू कोरडी असेल, तर एरंडेल, चुना, धन्याचं पाणी यांत वेळ घालवू नका. ज्या डॉक्टरकडं बोक्याच्या मापाची नळी आहे त्याचा फोन नंबर आजच विचारून ठेवा आणि त्याच दिवशी निघा. कोगनोळीकडं वळायचं की हत्तरगीकडं, ते गाडीत बसल्यावर ठरवा.